निवटी तीनदा खोटी थांबली

मी एक म्हातारी कुत्री आहे. हसलात ना? माहीत होतं मला! 'कुत्री' म्हटलं की शाळेतली मुलं हमखास हसतात, कारण हा शब्द तुम्ही भांडणात वापरता. पण मित्रांनो, मी तो ताठ मानेने वापरते. मी खाडीकाठच्या दातिवऱ्या गावची कुत्री आहे, माझं नाव निवटी आहे आणि सात वर्षं मी एका आंधळ्या बाईचे डोळे होते. आठवं वर्ष का आलं नाही, ते सांगायला आज बसले आहे. गोष्ट गोड नाही. मध्येच उठून जायचं असेल तर आत्ताच जा.

माझा जन्म १९७८ सालचा, किनाऱ्यावर दुरुस्तीसाठी उपड्या घातलेल्या होडीखाली. आम्ही पाच भावंडं. एके दिवशी आम्ही सगळी खाडीच्या चिखलात घुसलो. चौघं रुतून केकाटायला लागली आणि मी एकटीच टुणटुण उड्या मारत पलीकडे गेले! वर उभी असलेली काशीबाई ओरडली, "अगो ही कुत्री हाय का निवटी?" निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा बोटाएवढा मासा. नाव चिकटलं ते चिकटलंच.

काशीबाईच्या शेजारी तिची धाकटी जाऊ उभी होती, नर्मदा. लहानपणी अंगावर देवी उठल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. चेहऱ्यावर वण राहिले. नवरा तापाने गेला होता, मूल नव्हतं. ती म्हणाली, "चिकलात चालते? मंग ती मला दे, बाय."

"तुला कशाला गो? तुलाच कोन तरी सांबाळायला हवं."

"म्हनूनच दे."

आता नर्मदाचं काम समजून घ्या. ओहोटीला दर्या मागे हटला की गावापासून बऱ्याच लांबवर खडपं उघडी पडतात. खडप म्हणजे समुद्रातला खडक. त्याला कालवं चिकटलेली असतात, दगडासारखी बंद. लोखंडी टोचणीने कवच फोडायचं, आतला मऊ गर वाटीत काढायचा, आणि भरती चढायच्या आत परत यायचं. या कामाला डोळे लागतच नाहीत! नर्मदाची बोटं गावातल्या सगळ्या बायकांपेक्षा चपळ होती. डोळे लागायचे ते फक्त तिथवर जायला. मध्ये चिखल, मग वाळू, मग खाडीची एक चर, म्हणजे ओहोटीतही पाणी राहणारा खोलगट पट्टा. चर कुठे घोट्याएवढी, कुठे छातीएवढी. माझ्या आधी नर्मदा काशीबाईचा पदर धरून जायची. काशीबाई भराभर चालणारी आणि त्याहून भराभर बोलणारी. "माजा पदर फाटला तुज्या पायी," हे ती रोज म्हणायची, आणि नर्मदा रोज ऐकून घ्यायची. घरातल्या माणसांचं मत होतं की तिने दारात बसून सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलावेत. बस्स. नर्मदाला त्याचीच धास्ती होती. एकदा तिने मला कानात सांगितलं, "निवटे, त्यांनी मला एकदा का दारात बसवलं, की मी मेलेलीच."

म्हणजे बघा मित्रांनो, एका बाईचं जगणं माझ्या चार पायांवर उभं होतं. आणि मी तेव्हा सात महिन्यांची!

मला कोणी शिकवणीला पाठवलं नाही. नर्मदाने जुन्या जाळ्याची दोरी माझ्या गळ्यात बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. ती मला चरीपाशी नेऊन उभी करायची. पाणी खोल असलं की मी आपोआप थांबायचे, कारण मला बुडायची हौस नव्हती. थांबले की तोंडात सुक्या बोंबलाचा तुकडा. उथळ पाण्यात चालत राहिले की पाठीवर थाप. एवढाच आमचा अभ्यासक्रम. महिन्याभरात ठरून गेलं: मी चालले तर रस्ता आहे, मी थांबले तर नाही. मी थांबले की ती विचारायची, "खोल हाय? बरं, तू म्हंशील तसं." मग मी नाक वाऱ्यावर धरून दुसरी वाट काढायचे.

"तू म्हंशील तसं!" एवढ्या मोठ्या बाईने हे मला म्हणावं! शप्पथ सांगते, शेपूट हलवून हलवून माझी कंबर दुखायची.

पहिल्या दिवशी ती पदर न धरता खडपावर पोचली तेव्हा काशीबाईने टोचणी खाली ठेवली. "आली गो बाय ही! डोळेवाल्या अजून चिकलात, नि ही पोचली!" सगळ्या बायका हसल्या. नर्मदा सगळ्यांत मोठ्याने हसली. नारळीपौर्णिमेला होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावतात, त्यातलं बोटभर तिने माझ्या कपाळाला लावलं. मी ते चाटून टाकलं, पण मान मिळाला तो मिळालाच.

अशी सहा वर्षं गेली. तिच्या कालवांच्या वाट्या काशीबाई सफाळ्याच्या बाजारात विकायची, कधी बोईसरपर्यंत जायची. तिकडे कारखाने उठत होते, कॉलन्या उठत होत्या, घाटावरची माणसं नोकरीला येत होती. "कालवं बगून विचारतात, हे काय असतं गो मावशी," काशीबाई नक्कल करून दाखवायची. "मी म्हनते, आदी खा, मंग विचार."

आता वाईट भाग येतो.

कालवांची फुटकी कवचं म्हणजे काचा. खडपावर त्यांचा थर असतो. बायका पायांत टायरच्या चपला घालत. मी काय घालणार? माझे तळवे कापायचे, खारं पाणी आत शिरायचं आणि अशी आग व्हायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पहिली काही वर्षं जखमा भरून यायच्या. पुढे त्या भरायच्या आधीच दुसऱ्या व्हायला लागल्या. १९८५ च्या पावसाळ्यानंतर तर माझ्या पुढच्या उजव्या पायाला भेगच पडली, आतपर्यंत.

मी लंगडत होते का? होते. पण चिखलात सगळेच लंगडतात. नर्मदा तर मला पाहूच शकत नव्हती. ती माझं डोकं कुरवाळायची, कान चोळायची, पाठीवरची गोचीड काढायची. तिची बोटं रोज कालवं चाचपायची, दगडातलं बारीक छिद्रही तिला कळायचं. पण कुत्र्याच्या तळव्याला हात लावावा, असं आमच्याकडे कोणाच्या मनात येत नाही. घाणीतून चालणारे पाय ते, त्यांना कोण शिवतो?

आणि मग एका सकाळी, चरीच्या अलीकडे, मी थांबले.

पाणी घोट्याएवढं होतं. रस्ता स्वच्छ होता. पलीकडे खडप दिसत होतं आणि त्याच्यावरच्या काचा दिसत होत्या. मी थांबले आणि हललेच नाही.

"खोल हाय?" नर्मदाने विचारलं.

मी शेपूट खाली घातलं.

"आज इकडून पन नाय? बरं. तू म्हंशील तसं." आणि ती रिकाम्या टोपलीने माघारी फिरली.

मित्रांनो, त्या दिवशी मी सावलीत पाय चाटत पडून राहिले. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. चार दिवसांनी मी पुन्हा थांबले. मग पुढच्या उधाणाच्या ओहोटीला तिसऱ्यांदा.

तिसऱ्या वेळी काशीबाईने पकडलं. संध्याकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, "नर्मदे, आज का नाय आलीस?"

"चरीला पानी खोल हुतं."

"खोल? मी तितनंच गेल्ये! घोटा पन नाय भिजला. माज्यामागून सात बायका गेल्या. तुजी कुत्री लबाड हाय गो, लबाड! सरकारी नोकर झाल्ये ती, मनाला येईल तवा रजा टाकते!"

शेजारपाजारच्या बायका खो खो हसल्या. नर्मदा हसली नाही. तिने हाताने चाचपत मला शोधलं, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हळूच म्हणाली, "तू पन?"

एवढंच. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने काठी घेतली. मी थांबले की ती काठी पुढे टेकवून बघायची, जमीन लागली की माझ्या ढुंगणावर टोचायची, "चल." दोरी मनगटाला बांधणंही तिने सोडलं, नुसती मुठीत धरायची. आणि ते तीन शब्द मी पुन्हा कधी ऐकले नाहीत.

त्याच हिवाळ्यात खाडीत रेतीच्या होड्या आल्या. बोईसरला बांधकामं, विरारला बांधकामं, सगळ्यांना रेती हवी. भरतीला मोठ्या होड्या आत यायच्या, माणसं बादली घेऊन पाण्यात बुडी मारायची, तळाची रेती भरून वर यायची. दिवसभर तेच. त्यांच्यातला एक रामकिसन. नांदेडकडचा. आधी बोईसरच्या कुठल्याशा कारखान्यात होता, तिथून कमी केलं म्हणून इकडे आला. त्याचे डोळे खाऱ्या पाण्याने सदा लाल असायचे. मला तो भाकरीचा तुकडा टाकायचा.

एकदा बायका खडपाकडे निघाल्या होत्या तेव्हा तो होडीतून ओरडला, "माय, तिकडून नका जाऊ! चरीच्या खालच्या अंगाला आमी लई उपसलंय. खड्डे हायेत. वर गाळ बसलाय, दिसत न्हाई."

काशीबाई कमरेवर हात ठेवून वळली. "कोन रं तू? कुटला? माजी आजेसासू या चरीतून जायची, सासू जायची, मी जाते. आमची खाडी आमाला शिकवतोस? आदी आमची रेती चोरतो, वर वाट दाखवतो!"

"माय, ऐका तरी..."

"चल चल, मार बुडी!"

बायका हसत पुढे गेल्या. त्या आपल्या नेहमीच्या वाटेने, चरीच्या वरच्या अंगाने गेल्या, म्हणून त्यांना काही झालं नाही. नर्मदा आणि मी त्या दिवशी घरीच होतो; हे मला फार नंतर कळलं. आणि तिला ही गोष्ट कोणी सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच कोणाला वाटलं नाही. मित्रांनो, काशीबाई वाईट नव्हती. तिला खाडी खरंच पाठ होती. पण ती कालची खाडी होती.

माघातली तृतीया. सकाळी आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. बायका पुढे निघून गेल्या, आम्ही दोघी मागे राहिलो, कारण माझा पाय त्या दिवशी फारच वाईट होता आणि मी हळू चालत होते. उशीर झाला म्हणून मी जवळची वाट धरली, चरीच्या खालच्या अंगाची. ही वाट मीच शोधलेली होती, चार वर्षांपूर्वी, आणि तिच्यावरून आम्ही शंभरदा गेलो होतो.

चरीपाशी आले आणि माझ्या अंगावरचे केस उभे राहिले. पाणी तेवढंच होतं, पण वास वेगळा होता. खालून डिझेलचा वास, आणि कुजलेल्या, खोल, कधी ऊन न पाहिलेल्या गाळाचा. पुढचा पाय टाकला तर वाळू आतल्या आत सरकली.

मी थांबले. खरी थांबले.

नर्मदाने दोरी हलवली. "चल."

मी हलले नाही.

"निवटे, आज नको गो. आज नको. आठ दिवस झाले, हातात काय नाय. घरात म्हनायला लागलेत, बस आता दारात." तिने काठी पुढे टेकवली. काठीला जमीन लागली. "ही बग. जमीन हाय."

मी भुंकले. मी तिच्या लुगड्याचा काठ दातांत धरला. तिने काठीने मला बाजूला सारलं आणि पुढे पाऊल टाकलं.

काठी खोटं बोलली नव्हती. तिथे जमीन होती, वीतभर. नर्मदाचा भार पडला आणि ती कड आत ढासळली. गळ्याशी दोरी इतकी ताणली गेली की माझा श्वास अडला. मी चारही पाय वाळूत रोवले आणि ओढलं. खरंच ओढलं, मित्रांनो. मग दोरी एकदम सैल झाली. पाण्यावर टोपली तरंगत होती, आणि काठी.

मी भुंकत सुटले. खडपावर बायका पाठमोऱ्या बसल्या होत्या. वारा माझ्याकडून तिकडे वाहत होता, त्यांना माझा आवाज गेला. मला दिसलं, दोघींनी मान वळवली. एक काहीतरी म्हणाली आणि दुसरी हसली. नंतर काशीबाईनेच घरी सांगितलं, त्या काय म्हणाल्या ते: "निवटी अडली वाटतं आज पन. फिरली असतील माघारी."

मग भरती आली.

दुपारी घरात नर्मदा नव्हती, तेव्हा आरडाओरडा झाला. होड्या निघाल्या. पुरुष केळव्याच्या बाजूपर्यंत किनारा बघून आले, काही पलीकडे अर्नाळ्याला गेले. जुनी माणसं म्हणाली, दर्या माणूस ठेवून घेत नाही, तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला परत देतो. म्हणून सगळं गाव किनाऱ्यावर जाऊन बसलं, दर्याकडे तोंड करून. आणि मी गावाच्या पाठीमागे, खाडीत, चरीच्या त्या जागी. भरतीला मागे सरायचे, ओहोटीला पुन्हा तिथे जाऊन उभी राहायचे आणि भुंकायचे. गळ्यात दोरी तशीच. दोन जण मला न्यायला आले. एक म्हणाला, "ही काय दाखवते का रं?" दुसरा म्हणाला, "ती नेमी अडते तितं. सवय हाय तिची." त्यांनी मला ओढत घरी नेऊन बांधलं. मी दोरी चावून तोडली आणि परत गेले.

तिसऱ्या सकाळी रामकिसनची होडी तिथून चालली होती. त्याने मला पाहिलं, होडी थांबवायला लावली, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी लबाड आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने सदरा काढला आणि मी जिथे बघत होते तिथे बुडी मारली.

दोनदा तो रिकाम्या हाताने वर आला. तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने आला नाही.

सगळं गाव धावत आलं. काशीबाई चिखलात बसकण मारून बसली. ती रडत नव्हती. रामकिसनकडे बघून म्हणाली, "तू सांगितलं हुतंस."

तो ओला, थरथरत, माझ्या शेजारी बसला होता. माझ्या पायाखालची वाळू लाल दिसली म्हणून त्याने माझा पाय उचलला आणि तळवा वर केला. "आरं देवा. हिचे पाय बघा की कोनी! ही चालतच कशी हुती?"

काशीबाई गुडघ्यांवर सरपटत आली. तिने बघितलं. एकेक करून चारही तळवे बघितले. ती फक्त म्हणाली, "नर्मदाला कुनी सांगायला हवं हुतं."

कोण सांगणार होतं, मित्रांनो? मला एकच भाषा येत होती, थांबण्याची. पाणी खोल असलं तरी थांबणं आणि पाय कापला तरी थांबणं. मी एकाच शब्दात दोन गोष्टी सांगितल्या, आणि दुसरी गोष्ट त्यात असेल असं कोणालाच सुचलं नाही. माझी चूक मी लपवत नाही. खोटं थांबण्याचे ते तीन दिवस मी मागे घेऊ शकत नाही.

आता १९९१ साल चालू आहे. रेतीच्या होड्या अजून येतात, खड्डे दर उधाणाला जागा बदलतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी सगळ्या बायकांच्या पुढे चालत होते आणि माझी दोरी काशीबाईच्या मनगटाला बांधलेली असायची. ती माझ्याशी फारशी बोलायची नाही, अजूनही बोलत नाही. पण मी थांबले की ती आधी खाली वाकायची, माझा एकेक पाय हातात घ्यायची आणि तळव्यावरून बोट फिरवायची. जखम लागली तर मला उचलून काखेत मारायची आणि पुढे जायची. बारा किलोची कुत्री, आणि साठीला आलेली बाई! तळवे धड असले तर मागे वळून ओरडायची, "थांबा गो! खरं हाय!" आणि सगळी रांग जागच्या जागी उभी राहायची.

त्यानंतर चरीत कोणाचा जीव गेला नाही. नर्मदा मात्र गेली.

मित्रांनो, तुमच्याकडेही कोणी असेल. गाडीचा बैल असेल, दाराशी राखण करणारा कुत्रा असेल. रोज काम करणारं जनावर एखाद्या दिवशी अडून बसेल. त्याला लबाड म्हणायला एक क्षण लागतो. वाकून त्याचा पाय हातात घ्यायलाही तेवढाच लागतो. घाण वाटेल. वाटू दे. वाका.